लान चा यी : शांघायमधील ताई ची सरावाच्या नोंदी

२५ फेब्रुवारी २०२४

कंपनीने एका वर्षासाठी पुण्याहून शांघायला पाठवले आहे आणि येथे आहे तोवर ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी युद्धकला, नीट शिकायची असे मी ठरवले आहे. वय त्रेचाळीस, वजन ७४ किलो, लहानपणी सांगलीच्या तालमीत चार वर्षे जोर-बैठका आणि थोडी कुस्ती, त्यानंतरची वीस वर्षे व्यायाम जवळजवळ बंद, अशी सुरुवातीची स्थिती आहे. पुढे कोणाला हेच करायचे असेल तर उपयोगी पडावे म्हणून खर्च, वेळ आणि चुका यांसह या नोंदी ठेवत आहे.

आमच्या निवासी संकुलात शनिवारी आणि रविवारी सकाळी चोवीस पवित्र्यांच्या सुलभ फॉर्मचा वर्ग भरतो; ठरलेल्या क्रमाने सलग करायच्या पवित्र्यांना फॉर्म म्हणतात. बारा आठवड्यांचे शुल्क ९६० युआन आहे; एक युआन म्हणजे सध्या साधारण साडेअकरा रुपये. मेपर्यंत हा फॉर्म पुरा करायचा आणि मग ताई चीच्या चन घराण्याचा जुना पहिला फॉर्म, म्हणजे लाओ च्या यी लू, आठवड्याला चार पवित्रे या गतीने सप्टेंबरअखेर संपवायचा, अशी योजना आहे. त्यात एकूण चौऱ्याहत्तर पवित्रे मोजतात.

(११ ऑगस्टची भर : हे वेळापत्रक कार्यालयातील प्रकल्पनियोजनाच्या सवयीने आखले होते. आज मला जुन्या फॉर्ममधील पाच पवित्रे येतात. वरचा मजकूर मुद्दाम तसाच ठेवला आहे.)

१७ मार्च २०२४

चोवीसपैकी नऊ पवित्रे झाले. हा फॉर्म १९५६ साली चीनच्या राज्य क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांब फॉर्मवरून तयार करवून घेतला. मूळ फॉर्ममधील बरीचशी पुनरावृत्ती गाळून, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मांडणी करून, पाच-सहा मिनिटांत संपेल असा तो बसवलेला आहे. लाओशी, म्हणजे शिक्षिका, आमच्याकडे पाठ करून पुढे उभ्या राहतात, आकडा आणि नाव मोठ्याने उच्चारतात, आणि मागे तीस जण त्यांचे अनुकरण करतात. या पद्धतीचा फायदा खरा आहे : माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सत्तरीच्या आजींनी आयुष्यात कधी व्यायाम केला नव्हता, आणि तिसऱ्याच आठवड्यात त्या न अडखळता सहा पवित्रे करू लागल्या आहेत.

अडचण एवढीच आहे की माझे पाय कोणालाच दिसत नाहीत. पुढच्या पायावर किती वजन द्यायचे, असे मी विचारले तेव्हा "सत्तर-तीस" असे उत्तर मिळाले, आणि माझे प्रत्यक्षात किती पडते आहे हे पाहायला त्यांना सवड नव्हती.

२८ एप्रिल २०२४

चोवीस पवित्रे नऊ आठवड्यांत पुरे झाले. एप्रिलचा शेवटचा शनिवार जागतिक ताई ची दिन म्हणून पाळतात, त्यानिमित्त काल संकुलाच्या अंगणात आम्ही सर्वांनी मिळून फॉर्म केला. समाधान वाटले. आजपासून मी घरी व्हिडिओ पाहून लाओ च्या यी लू सुरू केला आहे. शिक्षक शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा क्रम पाठ करून घ्यावा आणि मग कोणाकडून तरी दुरुस्त करवून घ्यावा, असा विचार त्यामागे होता.

२६ मे २०२४

बावीस पवित्रे पाठ झाले आणि मगच दोन चुका लक्षात आल्या.

पहिली चूक अशी की मी वापरत असलेला व्हिडिओ आरशासारखा उलटवलेला आहे. चिनगांग दाओदुई या दुसऱ्या पवित्र्यात उजवी मूठ डाव्या तळव्यावर येते आणि उजवा पाय जमिनीवर आपटतो. मी चार आठवडे डावा पाय आपटत होतो. चित्रफितीच्या कोपऱ्यातील चिनी अक्षरे उलटी दिसत होती, पण मला ती वाचता येत नसल्याने ते कळले नाही. अक्षरे येत नसतील तर निदान अंगरख्याची गुंडी कोणत्या बाजूला आहे हे दोन वेगवेगळ्या व्हिडिओंत ताडून पाहावे.

या पवित्र्याच्या नावाचा अर्थ वज्रधारी रक्षक उखळात मुसळ हाणतो असा आहे. चिनगांग हे आपल्या वज्र या शब्दाचे चिनी भाषांतर असून तो बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला. उखळ आणि मुसळ पाहत वाढलेल्या माणसाला ही हालचाल एकदा नाव कळले की विसरता येत नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. उत्सुकतेपोटी मी फॉर्मच्या उत्तरार्धातील त्ये छा हा पवित्रा करून पाहिला. त्यात डावा पाय पुढे लांब पसरून आणि उजवा गुडघा आत दुमडून शरीर थेट जमिनीवर येते. तिसऱ्या वेळी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली आणि ती अजून गेलेली नाही.

९ जून २०२४

जिना उतरताना गुडघा दुखतो, म्हणून रुग्णालयात गेलो. एमआरआयमध्ये कूर्चेची गादी फाटलेली नाही, पण आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला ताण आहे आणि थोडे पाणी झाले आहे असे दिसले. तीन आठवडे गुडघ्याला पीळ बसेल असे काहीही करायचे नाही. तपासणी, औषधे आणि पुढील व्यायामोपचार मिळून २,३५० युआन खर्च ठरला. तीन आठवड्यांची ही विश्रांती आणि उलटे पाठ केलेले चार आठवडे मिळून सात आठवडे वाया गेले.

व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी मला एका पायावर किंचित खाली बसायला सांगितले आणि गुडघा आत झुकतो आहे हे आरशात दाखवले. त्ये छा हे केवळ निमित्त होते. खालचे पाऊल जमिनीला खिळलेले असताना वरचे धड वळवायचे असेल तर ते वळण खुब्याच्या सांध्यात व्हायला हवे; तो सांधा वळला नाही की उरलेले वळण गुडघा घेतो, आणि गुडघा मुळात बिजागरीसारखा वाकण्यासाठी घडलेला सांधा आहे. म्हणजे चोवीस पवित्र्यांच्या वर्गापासूनच मी प्रत्येक वळणावर गुडघा थोडा थोडा पिळत होतो.

३० जून २०२४

पावसाची झड लागली आहे. या दिवसांतल्या पावसाला येथे आलुबुखार पिकण्याच्या काळातला पाऊस म्हणतात. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे आणि पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून आरशासमोर अगदी सावकाश उतरणे, असे दोन व्यायाम रोज चालू आहेत. उतरताना गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली पाहिजे, एवढाच नियम आहे. पहिल्या आठवड्यात दहापैकी तीन वेळा जमत होते, आता आठ वेळा जमते.

एका सहकाऱ्याने लू शुन उद्यानात पहाटे शिकवणाऱ्या एका वयस्कर शिक्षकांबद्दल सांगितले. त्यांचे शुल्क महिन्याला ६०० युआन आहे.

१४ जुलै २०२४

पहाटे साडेपाचला उद्यानात पोहोचलो. शिफू, म्हणजे गुरू, सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांनी मला येते ते करून दाखवायला सांगितले. मी चिनगांग दाओदुई केला, त्यानंतरचा लान चा यी हा पवित्रा केला, आणि त्यांनी हात वर करून थांबवले. गुडघ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "दुखतो ना?" मी त्यांना दुखण्याबद्दल काहीच सांगितलेले नव्हते.

मग त्यांनी मला एका झाडासमोर उभे केले : पावलांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित वाकलेले, हात झाडाला कवेत घेतल्यासारखे. याला चान च्वांग, म्हणजे खांबासारखे उभे राहणे, म्हणतात. वीस मिनिटांनी ते परत आले, त्यांनी माझे खांदे दोन बोटांनी खाली दाबले आणि पुन्हा गेले. तासाभरात एकूण चार स्पर्श आणि एक शब्द मिळाला. तो शब्द "सुंग" असा होता. सहकाऱ्याने त्याचे भाषांतर "सैल" असे केले, पण सैल सोडताच मी कमरेतून वाकत होतो आणि ते पुन्हा सरळ करत होते. अंग उभे राहावे आणि सांधे मोकळे राहावेत, असे त्यांना हवे आहे.

११ ऑगस्ट २०२४

चार आठवडे झाले. रोज चाळीस मिनिटे उभे राहणे, त्यानंतर एकाच जागी उभे राहून एका हाताने वर्तुळ काढणे, आणि शेवटी फॉर्मचे पहिले पाच पवित्रे. वर्तुळांच्या या सरावाला छान स चिन म्हणतात. रेशमाचा कोश उकलताना धागा न तुटता आणि न गुंतता यावा तशी हालचाल पायापासून बोटापर्यंत यावी, असा त्याचा अर्थ आहे.

या चार आठवड्यांत मी दोनदा सोडून देण्याच्या विचारात होतो, आणि त्याचे कारण येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. चोवीसच्या वर्गात दर आठवड्याला हातात काहीतरी पडत होते. येथे दर आठवड्याला आधी आलेले काहीतरी काढून घेतले जाते. लान चा यी मला येतो असे मी समजत होतो, त्याचे आता पायांची जागा, वजन नेणे, कमरेचे वळण, कोपर आणि शेवटचे बसणे असे पाच तुकडे झाले असून त्यातील फक्त पहिला त्यांना मान्य आहे.

मला थांबवून धरले ते तालमीच्या आठवणीने. वस्तादांनी आम्हाला आठ महिने एकही डाव दाखवला नव्हता; हौद्यातली माती उकरणे, जोर आणि बैठका एवढेच चालले होते. जेव्हा पहिला डाव सांगितला तेव्हा मांड्या आणि मान त्यासाठी तयार होती. शिफूंची रीत मला तीच वाटते. संबंधही तसाच आहे. वर्गातल्या शिक्षकाला लाओशी म्हणतात आणि तेथे कोणीही शुल्क भरून येतो. शिफूंकडे मात्र बायशी नावाचा विधी करून घेतलेले मोजके घरचे शिष्य असतात, आणि आपल्याकडे गंडा बांधल्यावर शिष्याला जसे घराण्यात धरतात तसे ते धरले जातात. मी बाहेरचा विद्यार्थी आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

एका गोष्टीने माझा समज दुरुस्त केला. इतके तास उभे राहणे हीच फार जुनी पद्धत असेल असे मी धरून चाललो होतो. शिफूंनी सांगितले की त्यांच्या तरुणपणी त्यांचे गुरू थोडे उभे करत आणि फॉर्मच्या फेऱ्या मात्र भरपूर करून घेत. उभे राहण्याला सगळ्या सरावाच्या केंद्रस्थानी आणले ते वांग श्यांगचाय (१८८५–१९६३) यांनी. त्यांनी शिंग यी या दुसऱ्या चिनी युद्धकलेतून आपली यी छ्वान ही पद्धत काढली, ठरीव फॉर्म बाजूला ठेवले आणि उभे राहण्यावर भर दिला. म्हणजे मला सर्वांत जुने वाटलेले हे साधन, निदान या प्रमाणात, विसाव्या शतकातले आहे. शिफू माझ्यासाठी ते वापरतात, कारण माझ्या वयाचा, खुर्चीवर बसून काम करणारा माणूस लगेच फेऱ्या मारू लागला तर चुकीच्याच सांध्यांनी मारतो.

१ सप्टेंबर २०२४

हा पंधरवडा संपूर्ण लान चा यी या एका पवित्र्यावर गेला. नावाचा अर्थ अंगरख्याचे टोक सैलपणे खोचणे असा आहे. मिंग काळातील सेनापती छी चिग्वांग यांनी सोळाव्या शतकात सैनिकांसाठी जे बत्तीस पवित्रे संकलित केले त्यांत पहिले नाव हेच आहे, त्यामुळे ते चन घराण्याच्याही आधीचे ठरते. पवित्र्याच्या शेवटी पाय फाकलेले, उजवा हात उजवीकडे उघडलेला, डावा हात कमरेशी, आणि शिफूंच्या सांगण्यानुसार उजव्या पायावर वजनाचे दहापैकी सात भाग असतात.

माझे सात भाग पडत आहेत का, हे मोजायचे ठरवले. ७४ किलोचे सात भाग म्हणजे सुमारे ५२ किलो उजवीकडे आणि २२ डावीकडे हवे.

आधी दोन डिजिटल वजनकाटे आणले (७८ युआन) आणि ते पैसे वाया गेले. असे काटे आकडा स्थिर होताच तो गोठवतात आणि थोड्या वेळात बंद होतात. हालचाल चालू असताना वजन कसे सरकते ते त्यांवर दिसत नाही. मग काट्याचे दोन जुन्या पद्धतीचे यांत्रिक वजनकाटे आणले (११८ युआन). पाऊल कडेला पडले की तेही कलतात, म्हणून त्यांवर खरखरीत रबराचे तुकडे चिकटवले आणि दोन्ही काटे गॅलरीतल्या फरशीवर माझ्या नेहमीच्या अंतरापेक्षा थोडे जवळ ठेवले. मागच्या बाजूला फोन उभा करून चित्रण केले. कोणी करणार असेल तर पवित्रा उंच ठेवूनच करावे. काट्यांवरून घसरले तर गुडघा पुन्हा दुखावेल.

पहिले मोजमाप उजवीकडे ४२ आणि डावीकडे ३२ आले. मला मात्र सारे वजन उजव्या पायावर आल्यासारखे वाटत होते, आणि तेथपर्यंत गेल्यावर मांडी थरथरत होती. मग मी हट्टाने काटा ५२ पर्यंत नेला. चित्रणात पाहिले तर धड उजवीकडे कलले होते, डावी टाच उचलली गेली होती आणि उजवा गुडघा आत पडला होता. आकडा बरोबर आला होता आणि पवित्रा पार बिघडला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे शिफूंना सांगितले. त्यांनी हाताची कड माझ्या उजव्या जांघेच्या घडीत, म्हणजे पोट आणि मांडी जेथे मिळतात तेथे, घट्ट दाबली आणि म्हणाले, "हाताला इथे घडीत पकड." या जागेला ते क्वा म्हणतात. धड उजवीकडे ढकलण्याऐवजी मी ती घडी त्यांच्या हाताभोवती मिटवू लागलो, जणू उजव्या बाजूला मागे ठेवलेल्या चौरंगावर एका नितंबाने बसतो आहे. गुडघा जागेवरून हलला नाही आणि तळव्याखाली दाब वाढला. व्यायामोपचार करणाऱ्या बाई आरशासमोर जे करून घेत होत्या, तेच हे आहे हे मला त्या क्षणी उमगले. त्यांनी गुडघ्याची रेषा बाहेरून दाखवली होती आणि शिफूंनी त्या रेषेला धरून ठेवणारी जागा आतून दाखवली.

त्यानंतर अकरा दिवसांनी काटे ५० आणि २४ दाखवू लागले, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटावर राहिला.

काल एक काटा पिशवीतून उद्यानात नेला. शिफूंना आवडणार नाही अशी मला भीती होती, पण त्यांनी तो कुतूहलाने पाहिला आणि स्वतः त्यावर उजवा पाय ठेवून, डावा शेजारच्या सपाट दगडावर ठेवून लान चा यी केला. त्यांचा काटा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने चढला, मध्ये कोठेही अडला नाही. माझा काटा कमरेच्या वळणावर दरवेळी आठ-दहा किलोंनी उसळून खाली येतो. अखेरचा आकडा दोघांचा जवळपास सारखा आहे. फरक त्या मधल्या उसळीत आहे. रेशमाचा धागा तुटू नये असे ते जे म्हणतात ते मला काट्यावर प्रथमच डोळ्यांनी दिसले.

१८ सप्टेंबर २०२४

१६ तारखेला बेबिन्का चक्रीवादळ शांघायला धडकले. १९४९ नंतर या शहरावर आलेले ते सर्वांत जोरदार वादळ असल्याचे सांगण्यात आले. दोन दिवस घराबाहेर पडता आले नाही. घरातील अडीच मीटरच्या मोकळ्या जागेत पहिले पाच पवित्रे पुन्हा पुन्हा केले आणि फोनवर चित्रण करत राहिलो.

चित्रणाचा एक दुष्परिणाम लक्षात आला. कॅमेरा समोर असला की माझा उजवा हात डोळ्यांना बरा दिसावा म्हणून उंच जातो आणि कोपर उचलले जाते. आता मी कॅमेरा पाठीमागे आणि गुडघ्याच्या उंचीवर ठेवतो, आणि आठवड्यातून एकदाच वापरतो.

वजने उचलण्याबद्दल शिफूंशी मतभेद झाला. जिममुळे बळ खांद्यांत अडकते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी पायांचे व्यायाम सोडणार नाही असे नम्रपणे सांगितले, कारण गुडघा त्यांच्यामुळे सावरला आहे. छातीवर वजन ढकलण्याचा व्यायाम मात्र बंद केला, कारण मागच्या तीन आठवड्यांची चित्रणे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा त्या व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी माझे खांदे खरोखरच वर राहिलेले दिसले.

६ ऑक्टोबर २०२४

राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत चनच्यागौला, म्हणजे चन घराण्याच्या मूळ गावाला, जाऊन आलो. शांघायहून चंगचौपर्यंत वेगवान रेल्वे, तेथून गाडीने पीत नदी ओलांडून हनान प्रांतातील वन तालुक्यात हे गाव आहे. सतराव्या शतकातील चन वांगथिंग यांच्यापासून येथली परंपरा सांगतात, आणि यांग घराण्याचे मूळपुरुष यांग लूछान (१७९९–१८७२) यांनी चन छांगशिंग यांच्याकडे शिकण्यासाठी याच गावात वर्षे काढली.

या सहलीवर रेल्वेभाडे ९००, राहणे-जेवण ९५० आणि एका शाळेच्या तीन दिवसांच्या वर्गाचे १,५०० युआन असा ३,३५० युआन खर्च आला. वर्गाचे पैसे वाया गेले. साठ जण, एक शिक्षक, आणि तीन दिवसांत अठरा पवित्र्यांचा फॉर्म पुरा करण्याची घाई, हा अनुभव मला फेब्रुवारीत घराखाली ९६० युआनमध्ये मिळालेला होता. या आठवड्यात गावात गर्दीही अतोनात असते. जायचेच असेल तर सुट्ट्या टाळून, निदान महिनाभरासाठी जावे.

तरीही गेलो याचा मला आनंद आहे, आणि तो चन चाओफी (१८९३–१९७२) यांच्यामुळे. १९२८ मध्ये ते बीजिंगला शिकवायला गेले, पुढे नानजिंगचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी बीजिंगमध्ये आपल्या जागी काका चन फाख यांना बोलावून घेतले, आणि त्यामुळे चन घराण्याची कला गावाबाहेर रुजली. १९५८ मध्ये ते गावी परतले तेव्हा तरुणांना शिकवणारे फारसे कोणी उरले नव्हते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आज जगभर माहीत असलेले चन श्याओवांग, चन चंगलेई, वांग शीआन आणि चू थ्येनत्साय हे त्या काळी त्यांच्यापाशी शिकले. म्हणजे मी ज्याला अखंड परंपरा म्हणत होतो ती एका वृद्ध माणसाच्या परतण्यावर अवलंबून राहिलेली होती. आणि छोटे फॉर्म केवळ सरकारी समितीनेच बनवले असेही नाही : एकोणीस पवित्र्यांचा फॉर्म चन श्याओवांग यांनी आणि मी तीन दिवसांत उरकला तो अठरा पवित्र्यांचा चन चंगलेई यांनी रचला. शिष्यांना वेळ कमी आहे हे या परंपरेच्या वारसांनाही दिसत होते. फॉर्म लहान असल्याने माझे काही बिघडले नाही. तीन दिवसांत कोणी माझ्या क्वावर हात ठेवला नाही, त्याने बिघडले.

१० नोव्हेंबर २०२४

शिफूंनी थुई शौ, म्हणजे हातांना हात लावून ढकलण्याचा सराव, सुरू करून दिला. जोडीदार निवृत्त बसचालक असलेले अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत. पहिल्या सकाळी त्यांनी मला पंधराहून अधिक वेळा पावले उचलायला लावली आणि मला त्यांना एकदाही हलवता आले नाही.

चूक कुस्तीची होती. जोर लागला की माझे धड पुढे जाते आणि मान खाली जाते, कारण लाल मातीत तेच शिकवले होते. येथे मी पुढे झुकलो की ते फक्त कंबर वळवतात आणि माझा जोर त्यांच्या शेजारून रिकाम्या जागेत जातो. तीन आठवडे मी काहीच न ढकलण्याचे ठरवले. ते ढकलतील तेव्हा उजवी घडी मिटवायची, तळव्याखालचा दाब ओळखायचा, एवढेच करायचे. आता दहापैकी चार वेळा पाऊल न उचलता राहता येते. झाडासमोर उभे राहून आणि काट्यावर जे साधले होते, त्यातील निम्मेअधिक कोणी ढकलताच नाहीसे होते, हे येथेच कळले.

शिफूंना मी २०१७ च्या छंगदूच्या लढतीबद्दल विचारले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिश्र मार्शल आर्टचे शू श्याओदोंग यांनी एका ताई ची शिक्षकाला अर्ध्या मिनिटाच्या आत पाडले आणि चीनभर वाद झाला. शिफूंचे उत्तर थोडके होते : ज्याचे शिष्यच त्याच्यापुढे आपण होऊन पडतात, त्याला आपले काय चुकते ते कधी कळत नाही. मग त्यांनी बसचालक गृहस्थांना माझ्याशी अधिक जोर लावायला सांगितले. जुन्या पद्धतीने शिकवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी जाण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारावा, असे मी आग्रहाने सुचवीन : येथे विरोध करणारा जोडीदार मिळतो का?

८ डिसेंबर २०२४

पहाटे तापमान तीन अंश असते. पहिली दहा मिनिटे केवळ सांधे गरम करण्यात जातात. एके दिवशी ती गाळली आणि गुडघा दोन दिवस कुरकुरला. फॉर्म आता अकराव्या पवित्र्यावर आहे.

५ जानेवारी २०२५

महिनाअखेर पुण्याला परतायचे आहे, म्हणून हिशेब मांडतो. संकुलातील वर्ग ९६०, कापडी बूट आणि कपडे २६०, गुडघा २,३५०, चार वजनकाटे १९६, शिफूंचे सहा महिने ३,६००, चनच्यागौ ३,३५०, एकूण १०,७१६ युआन, म्हणजे सुमारे सव्वा लाख रुपये. त्यातील गुडघा, डिजिटल काटे आणि तीन दिवसांचा वर्ग असे ३,९२८ युआन टाळता आले असते. चौऱ्याहत्तरपैकी तेरा पवित्रे शिफूंनी "चालेल" म्हटले आहेत.

पुन्हा सुरुवात करायची झाली तर चोवीसचा वर्ग मी याही वेळी करीन, कारण त्यामुळे शरीराला हळू हलण्याची सवय लागली आणि नावे कानांवर पडली. मात्र त्यानंतर व्हिडिओकडे न जाता सरळ उद्यानात जाईन आणि पायरीचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करीन.

यांत्रिक काटे बसचालक गृहस्थांनी मागून घेतले. त्यांचा काटा माझ्याइतका उसळत नाही, पण डाव्या बाजूला उसळतो, आणि ते त्यांना इतक्या वर्षांत माहीत नव्हते. काल ते अर्धा तास त्यावरच उभे होते. पुण्यात घराच्या गच्चीवर पाच मीटर जागा आहे, फरशी गुळगुळीत असल्याने रबरी चटया घालाव्या लागतील. थुई शौसाठी जोडीदार अजून मिळालेला नाही. तालमीतल्या एका जुन्या मित्राला विचारले आहे.

आजच्या चित्रणात तान ब्येन या पाचव्या पवित्र्यात डावीकडे वजन नेताना डावा गुडघा साधारण तीन सेंटिमीटर आत येतो आहे. उजव्याकडे लक्ष देताना डावा पाहायचाच राहिला होता. शिफूंकडे अजून अकरा सकाळी आहेत, आणि उद्यापासून त्या डाव्या बाजूवर जातील.